पेल्याची साखळी

“चोराला चोर म्हणायचं नाही, गुरुजी, तर मग म्हणायचं तरी काय?”

लतीफ गुरुजी रांजणावरचं लाल फडकं भिजवत होते. त्यांनी ते पिळलं नाही. तसंच गळतं रांजणाभोवती गुंडाळलं.

“आधी पाणी पी,” म्हणाले.

विचारणारा होता बिराजदारांचा हर्षद. आमच्याच गल्लीत वाढला, गुरुजींच्या शाळेत शिकला. शाळेत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा गुरुजींनी त्याला त्याच्यापुढं बसवलं, तो अजून उठलेला नाही. आता पुण्यात असतो. गुरुजी निवृत्त झाले आणि दर उन्हाळ्यात आमच्या ओट्यासमोरच्या लिंबाखाली पाणपोई चालवायला लागले. बार्शीचं ऊन ज्यानं बघितलंय त्याला पाणपोई म्हणजे काय ते सांगायला नको.

मी ओट्यावर चिंचा फोडत बसले होते. ओटा आणि पाणपोई यांच्यामध्ये एक गटार आहे, तेवढंच अंतर. ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येतं. आणि ऐकायचं नाही असं मी कधी म्हटलेलं नाही.

हर्षदनं रांजणाची तोटी सोडून पेला भरला. पेला स्टीलचा, साखळीनं लिंबाच्या खोडातल्या कडीला बांधलेला. पोरगा उंच. पेला छातीशी आला आणि साखळी ताणली.

“साखळी आखूड आहे.”

“बरोबर आहे. तू उभा आहेस.”

तो शेजारच्या बाकावर बसला नाही. पाणी ओंजळीत ओतून प्यायला आणि पेला रांजणामागं सोडून दिला.

“आता बोल,” गुरुजी म्हणाले.

हर्षदचं प्रकरण मला माहीत होतं, कारण ते आमच्या घरातच बोलतं. त्यानं एक प्रोग्रॅम केलाय. छापलेल्या कागदापुढं फोन धरायचा, की फोन तो कागद मराठीत वाचून दाखवतो. काचबिंदूनं आमच्या ह्यांची नजर गेली, तेव्हापासून आमच्याकडं वर्तमानपत्र तोच वाचतो. गावोगावचे असे पुष्कळ लोक तो वापरतात म्हणे. आणि हर्षदनं तो उघडा ठेवला होता. उघडा म्हणजे नुसता फुकट नव्हे. आत काय लिहिलंय ते कोणीही बघावं, घ्यावं, सुधारावं.

कोणीही म्हणजे कोणीही. तिथंच गोची झाली.

“एका मोठ्या कंपनीनं उचलला,” हर्षद म्हणाला. “स्वतःच्या फोनमध्ये घातला, वर स्वतःचं नाव. ज्या चुका सापडल्या त्या घरात बसून सुधारल्या, मला एक दाखवली नाही. माझं उघडं दार त्यांना चाललं. त्यांच्या दाराला मात्र आतून कडी.”

“तू अट काय घातली होतीस?”

“काहीच नाही.” तो जरा थांबला. “तुम्ही म्हणाला होतात. जो घेईल त्यानं सुधारलेलंही उघडं ठेवावं, एवढी अट घाल. मीच हसलो. म्हटलं, मोकळं म्हणजे पुरतं मोकळं. अट आली की मोकळेपणा गेला.”

गुरुजी काही बोलले नाहीत. ‘मी म्हणत होतो ना’ हे शब्द ज्याला गिळता येतात तो माणूस मोठा. आमच्या घरात ते कोणालाच जमत नाही.

“आता विकत मागतायत,” हर्षद म्हणाला. “विकला तर कुलूप लावतील. नाही विकला तर फुकट नेतायतच.”

“मग?”

“आज संध्याकाळी पुसून टाकणार. जिथं ठेवलाय तिथून सगळा. आणि ज्या यंत्रावरून सगळ्यांचे फोन वाचतात, ते यंत्रही बंद. तुमच्या कानावर घालून मग पुसावा, म्हणून आलो.”

माझा हात वरच राहिला. आमच्या घरात आतून त्याच प्रोग्रॅमचा आवाज येत होता, बाजारभाव वाचत होता. मी बोलायला तोंड उघडलं. गुरुजींनी नुसतं माझ्याकडं बघितलं. मी तोंड मिटलं आणि चिंच फोडली.

“सरकारकडं का जात नाहीस?” गुरुजींनी विचारलं.

“असल्या प्रोग्रॅमांना सरकार नियम आणणार म्हणतात. आणेल. मग कंपनीला जेवढे कागद तेवढेच मला. त्यांच्याकडं वकिलांनी भरलेला मजला आहे, गुरुजी. माझ्याकडं मी आहे आणि आईनं दिलेला गणपती आहे.”

“म्हणजे नियमच नको?”

“नकोच. कंपनीचा नको, सरकारचा नको. जो फुकट देतो त्याला कसला नियम?”

गुरुजींनी तोटीखालची बादली सरळ केली.

“नगरपालिकेचा माणूस आला होता मागं. पाणी तपासून घ्या म्हणाला. मलाही राग आला. फुकट पाजतो, वर तपासणी कसली…”

“तेच म्हणतोय मी.”

“तपासलं. ज्या टाकीतून रांजण भरतो तिच्यात किडे निघाले.”

हर्षदनं रांजणाकडं बघितलं.

“फुकट दिलं म्हणून किडे मरत नाहीत,” गुरुजी म्हणाले. “मग त्याच माणसानं टँकरवाल्याएवढी फी मागितली. ती दिली नाही. मी पाणी विकत नाही, हे साहेबाला पटायला दोन उन्हाळे गेले.”

“आणि तोवर?”

“तोवर भांडत होतो. रांजण भरत होतो.”

आतला फोन बाजारभावावरून बातम्यांवर गेला होता. लिंबाखालीही स्पष्ट ऐकू आलं… ‘घरफोडीतील चोर अद्याप फरार.’

गुरुजींनी मान वर केली. “ऐकलंस? चोर म्हणाला.”

“हो,” हर्षद म्हणाला. “आधी च्योर म्हणायचा.”

हे सांगायला पाहिजे. आपल्या मराठीत च दोन आहेत. चहातला एक, चोरातला दुसरा. लिहिताना सारखे, जिभेवर वेगळे. ‘ज’चंही तेच. सुरुवातीला हर्षदचा फोन चोराला च्योर म्हणायचा आणि जावयाला ज्यावई. आमचे हे एसटीत कंडक्टर होते. जन्मभर लोकांना ‘पुढं सरका’ शिकवलं, ते फोनला कसले सोडतात. रोज सकाळी पुण्याला फोन. ‘अरे हर्षद, तुझा फोन चुलीला च्यूल म्हणतोय, शेजारीपाजारी हसतात.’ तो बिचारा हो काका, करतो काका म्हणायचा, आणि खरंच करायचा. असे फोन करणारे आमचेच हे एकटे नव्हते.

“त्या कंपनीचा फोन चोराला काय म्हणतो?” गुरुजींनी विचारलं.

“च्योरच.” हर्षदला हसू आलं, आल्यापासून पहिल्यांदाच. “आपल्याला काय म्हणतात तेसुद्धा त्यांना नीट म्हणता येत नाही.”

मग हसू गेलं.

“पण उद्या येईल. माझं बघून शिकतील.”

“तुझं?”

“मग कोणाचं?”

“चोर तुला शेट्यांनी शिकवला,” गुरुजी म्हणाले.

शेटे म्हणजे आमचे हे. मी चिंचोके सुपात सारले. उगाच.

…

“तू पुसलंस तर कंपनीचं पुसलं जाईल?” गुरुजींनी विचारलं.

“नाही. त्यांच्याकडं नक्कल आहे.”

“बरं.”

गुरुजी उठले आणि गटारापाशी आले. “वहिनी, तुमचा गोटा द्या जरा.”

चिंचा फोडायचा माझा गोटा. सासूबाईंच्या वेळचा, हाताला बसलेला. मी दिला. आता मला कामच उरलं नाही, तेव्हा ऐकणं भागच होतं.

गुरुजींनी तो गोटा हर्षदच्या हातात ठेवला.

“फोड.”

“काय?”

“रांजण. चौकातल्या हॉटेलचा माणूस रोज पहाटे इथून कॅन भरून नेतो. त्या पाण्याचा चहा विकतो. मला कधी विचारलं नाही, कधी एक बादली आणून ओतली नाही. त्याला अद्दल घडव.”

“रांजण फोडून त्याचं काय जाणार? तो दुसरीकडून आणेल.”

गुरुजी बाकावर जाऊन बसले. टोपी काढली, मांडीवर ठेवली.

हर्षद गोटा घेऊन तसाच उभा. पोराच्या मानेला घाम आला होता. मला त्याची दया आली. लहानपणी त्याचा पतंग आमच्या गच्चीवर अडकायचा तेव्हा असाच उभा राहायचा. मागायचं पण नाही आणि जायचं पण नाही.

“तुम्ही बोलण्यात पकडता,” तो म्हणाला. “पण तुम्ही तरी काय केलंत? शाळेत सांगायचात, दिल्यानं वाढतं. आणि इथं पेला बांधून ठेवलात. तुमचाही माणसांवर विश्वास नाहीच की. साखळी ती साखळी.”

“पाणी बांधलंय का?”

“पेला बांधला म्हणजे झालंच.”

“असं?”

तेवढ्यात आमच्या दाराची कडी वाजली.

बातम्या संपल्या की हे पाणपोईवर येतात. घरात माठ आहे, तरी ह्यांना तिथलंच पाणी लागतं. काठीनं गटारावरची फरशी चाचपली, पलीकडं गेले. मी हात धरायला जात नाही. धरलेला आवडत नाही.

ह्यांनी आधी खोडाला हात लावला. खोडावर कडी सापडली. कडीतून साखळी. साखळीवरून हात सोडत सोडत खाली आले, मुठीमागं मूठ, आडावरचा दोर धरावा तसे. हर्षदनं पेला रांजणामागं टाकला होता. साखळी तिकडं गेली, हात साखळीमागं गेला, पेला हातात आला. एकदाही अडखळले नाहीत.

मग तोटी, पाणी, बाक. बसून प्याले. सावकाश.

“कोण उभंय, गुरुजी?” ह्यांनी विचारलं. “बूट करकरतायत. पुण्याकडचे दिसतात.”

“हर्षद आलाय.”

“अरे वा. कधी आलास? आणि बरं झालं आलास. चुलत्याला अजून च्युलता म्हणतोय तुझा फोन. परवा भावकीच्या भांडणाची बातमी होती, चार वेळा च्युलता. माझं रक्त आटलं.”

हर्षद ह्यांच्याकडं बघत होता. हातात माझा गोटा.

“बघतो, काका.”

“आज बघ. नाहीतर तू विसरशील.”

“…आज बघतो.”

ह्यांनी पेला सोडला. साखळी खोडाला दोनदा खणखणली. काठी टेकत आले तसे परत गेले. दार लागलं.

एक कावळा तोटीखालच्या बादलीवर येऊन बसला, चोच बुडवून गेला. त्यालाही कोणी काही म्हटलं नाही.

मग हर्षद गटार ओलांडून आला.

“काकू, तुमचा गोटा.”

मी घेतला. गरम झाला होता त्याच्या मुठीत. विचारू की नको असं झालं, पण राहवलं नाही. हळूच विचारलं, “उद्या पेपर वाचेल ना रे फोन?”

“वाचेल,” तो म्हणाला. डोळे मात्र जमिनीकडं.

तो परत गेला आणि यावेळी बाकावर बसला. पेला ओढून घेतला, भरला. साखळी पुरली. वर थोडी उरली. एका दमात प्यायला, पुन्हा भरला.

“जुनं त्यांच्याकडं गेलं ते गेलं,” तो म्हणाला, जास्त स्वतःशीच. “इथून पुढचं जे आहे त्याला अट घालता येईल. चुलत्यापासून.”

गुरुजींनी टोपी डोक्यावर ठेवली.

“नियमाचंही सरकारकडं बोलायला जाईन. नको म्हणून नाही. माझ्यासारख्याला कसा पाहिजे ते सांगायला.”

गुरुजी हूं म्हणाले.

हर्षद साखळीकडं बघत राहिला. एकेक कडी बोटांनी फिरवत होता.

“पण ही अटीची साखळी किती लांब ठेवायची, गुरुजी? लांब ठेवली तर पेला जातो. आखूड ठेवली तर तहानलेला परत जातो. कंपनी म्हणणार लांब. सरकार म्हणणार आखूड. मी रागात असलो की आखूड म्हणणार, खुशीत असलो की लांब. मग ठरवायचं कोणी?”

गुरुजींनी आमच्या बंद दाराकडं बघितलं.

“ज्याला दिसत नाही,” ते म्हणाले, “त्याच्या हाताला विचार.”