पहिली अकरा पानं

"काढ म्हणतो ना ती पानं!"

"नाही काढणार."

"आक्का, पुस्तक माझं आहे."

"लिहिलंस तू. पुस्तक वाचनालयाचं आहे. शिक्का बघ."

आक्कानं शिक्का दाखवला आणि खळीची वाटी जवळ ओढली.

भांडण वाचनालय उघडल्यापासून चाललं होतं. वर्तमानपत्रं वाचायला आलेले दोघं चपला घालून केव्हाच निघून गेले. शहाणे होते.

एका बाजूला निवृत्त फौजदार प्रल्हाद भंगाळे. वय चौसष्ट, आवाज अजून ठाण्यातला. असा माणूस साधं पाणी मागतो तेव्हासुद्धा समोरच्याला वाटतं, आपण काहीतरी कबूल करावं.

दुसऱ्या बाजूला मथुराआक्का. तापीकाठच्या त्या कसब्यात साठ वर्षं फाटकी पुस्तकं शिवत आलेली बाई. शाळेत गेली नाही. पुस्तकं शिवता शिवता अक्षरं शिकली, आणि नंतर शिकलेल्यांना वाचायला शिकवू लागली. हसू नका. अक्षरं येणं आणि वाचता येणं यांत किती अंतर आहे, ते शाळेत गेलेल्यांनाच कळत नाही.

प्रल्हादला तिनंच वाचायला शिकवलं. मिसरूड फुटायच्या आधी तो इथे यायचा. नुकतंच परत आलेलं पुस्तक ती त्याच्या हातात द्यायची आणि म्हणायची, "गोष्ट मागाहून वाच. आधी सांग, हे कुणी वाचलं?"

पानाला लागलेलं खोबरेल. तंबाखूचा कण. एका ओळीवर थांबून राहिलेल्या अंगठ्याचा डाग... तो सांगायचा. चुकला की ती पुस्तक परत घ्यायची.

पुढे पस्तीस वर्षं पोलीस खात्यात त्यानं हेच केलं. पदक मिळालं. ते घेऊन तो आधी इथे आला होता, मग घरी.

आता त्यानं कादंबरी लिहिली होती. 'डोहाकाठची सायकल'. एक पोस्टमन नाहीसा होतो, नदीच्या डोहाकाठी सायकल सापडते, मग तपास, संशयित, आणि शेवटी इन्स्पेक्टर खुन्याच्या दारात. वाचनालयाची प्रत इतकी फिरली की शिवण सुटली. पहिली अकरा पानं गठ्ठ्यानं बाहेर आली.

भांडण त्या गठ्ठ्यावरून होतं.

"पुण्याच्या प्रकाशकाचं पत्र आलंय," प्रल्हाद म्हणाला. "दुसरी आवृत्ती काढतोय. अट एकच. पहिलं प्रकरण उडवा."

"मग उडव. त्याला पत्र टाक. माझ्या डोक्यावर का बसलायस?"

"तुला विचारल्याशिवाय मी कधी काही केलंय?"

"लग्न केलंस."

"ते सोड, आक्का!"

आक्कानं सुईत दोरा ओवला. पहिल्या प्रयत्नात गेला नाही. त्यानं हात पुढे केला, तिनं तो झटकला. दुसऱ्यांदा गेला.

"का उडवायचं?" तिनं विचारलं.

"लोक म्हणतात म्हणून. तुझ्याच वाचनालयातले लोक."

त्यानं पुस्तक मागून उघडलं.

इथे एक रीत आहे, ती आक्कानं पाडलेली. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी ती कोरा कागद चिकटवते. पुस्तक परत करताना वाचकानं त्यावर अभिप्राय लिहायचा. नाव नाही, फक्त सभासद क्रमांक. पूर्वी नावं असायची. मग एकदा मुख्याध्यापकांनी एका कादंबरीला भिकार म्हटलं, त्याखाली त्यांच्याच शिपायानं अप्रतिम लिहिलं, आणि त्या शिपायाला वर्षभर संडासाची चावी सांभाळावी लागली. तेव्हापासून नावं बंद.

प्रल्हाद मोठ्यानं वाचू लागला. पंचनामा वाचतात तसा.

"एक्केचाळीस. 'खुनी कोण ते साठाव्या पानालाच कळलं. पुढे फक्त खात्री करायला वाचलं.'"

"हुशार आहे."

"सत्त्याऐंशी. 'खुनी कोण ते शेवटपर्यंत कळत नाही. फार छान.'"

"सुखी आहे."

"एकशे तीस. 'मेहुण्याला खुनी दाखवलं आहे. मी स्वतः मेहुणा आहे. निषेध.'"

आक्का हसली नाही. पण सुई थांबली.

"एकोणीस. 'पोलीस इतके हुशार असते तर माझी मोटारसायकल सापडली असती.'"

"सापडली का रे ती?"

"माझ्या हद्दीत नव्हती!" तो गरजला, आणि बोट खाली सरकवलं. "हे ऐक आता. सहासष्ट. 'पहिली अकरा पानं उगीच. माणूस घरी येतो, पाय धुतो, चहा पितो, सायकल पुसत बसतो. खून कधी?' त्याखाली सात जण. सहमत, सहमत, सहमत... सातही जण. खुन्यावरून भांडतात, शेवटावरून भांडतात, पण या एका बाबतीत सगळ्यांचं एकमत."

"सगळ्यांचं?"

"सगळ्यांचं."

"पस्तीस वर्षं असाच तपास केलास? कागद पुरता बघ."

तो पुन्हा बघू लागला. मग त्याचा चेहरा उजळला. पदक मिळालं तेव्हा उजळला होता तसा.

"दोनशे बारा," तो म्हणाला. "आक्का, हा दोनशे बारा बघ. क्रमांक लिहिलाय, पुढे काही नाही. पुन्हा खाली दोनशे बारा. पुन्हा... नऊ वेळा! एका माणसानं माझं पुस्तक नऊ वेळा नेलंय!"

"हं."

"हा खरा वाचक. दुवे तपासत असणार. कुठला संशयित कुठे खोटं बोलला, ते पुन्हा पुन्हा पडताळत असणार. अभिप्राय लिहायला शब्द सापडत नसतील त्याला."

"प्रल्हाद."

"काय?"

"खुनाची गोष्ट माणूस दुसऱ्यांदा का वाचतो?"

"आवडली म्हणून."

"आणि नवव्यांदा? खुनी कोण ते कळून चुकल्यावर?"

त्यानं बोट पुन्हा दोनशे बारावर ठेवलं. 

...

"रजिस्टर दे," तो म्हणाला.

आक्कानं रजिस्टरवर हात ठेवला. सुरकुतलेला हात, पण फौजदाराला तो उचलता आला नसता.

"सभासदाचं नाव मी सांगत नाही. रजिस्टर बघायचं नाही. पुस्तक बघ."

तिनं तो गठ्ठा पुस्तकात पुन्हा होता तसा बसवला. पुस्तक मिटलं. पाठीवर उभं तळहातावर धरलं आणि बोटं सोडली.

पुस्तक आपोआप उघडलं. पान अकरा.

प्रल्हादनं ते तिच्या हातातून घेतलं. मिटलं. स्वतः धरलं, सोडलं.

अकरा.

पुन्हा.

अकरा.

मग तो खाली सतरंजीवर बसला. गुडघे वाजले. त्यानं चष्मा काढला आणि त्या पानांवरून बोट फिरवलं, लहानपणी फिरवायचा तसं. दोनशे चाळीस पानांचं पुस्तक. शंभर हातांतून गेलेलं. बाकीची पानं कागदाची होती. ही अकरा धुऊन धुऊन विरलेल्या लुगड्यासारखी झाली होती.

"वाचनालयातून पुस्तक नेताना मी प्रत्येकाला कापडाची पट्टी देते," आक्का म्हणाली. "खूण ठेवायला. वाचून झालं की लोक ती शेवटच्या पानात घालून परत आणतात. कंटाळलेले मधेच कुठेतरी ठेवतात."

"आणि दोनशे बारा?"

"नऊ वेळा पट्टी एकाच पानात आली."

बाहेर कुणाची तरी सायकल गेली. घंटी वाजली. त्यानं दाराकडे पाहिलं. ती लांब जाईपर्यंत पाहत राहिला.

"आक्का," तो म्हणाला. हा आवाज ठाण्यातला नव्हता. "पहिलं प्रकरण मी लिहिलेलं नाही."

"मग?"

"तो जबाब आहे."

आक्कानं सुई खाली ठेवली.

"पोस्टमन जनार्दन, नदीपलीकडच्या गावचा. एकतीस वर्षं झाली. संध्याकाळी घरातून निघाला तो निघालाच. दुसऱ्या दिवशी सायकल डोहाकाठी मिळाली. नीट स्टँडवर लावलेली. माणूस नाही. कपडा नाही, चप्पल नाही. तपास माझ्याकडे होता. त्याच्या बायकोचा जबाब घेतला... इंदूबाईचा. मी विचारलं, शेवटचं काय घडलं ते सांगा. बाई दोन तास सांगत होती. कुठल्या पायरीवर बसला. चहा बशीत ओतून घेतला की कपानं. सायकलचं कुठलं चाक आधी पुसलं. हवालदार हसायला लागले. म्हणाले, साहेब, हे सगळं कशाला लिहिता? मी लिहिलं. शब्दन् शब्द लिहिला."

"आणि कादंबरीत घातलास."

"काही बदललं नाही. बदलायचं धाडस झालं नाही."

"सापडलं काही?"

"सहा वेळा डोहात माणसं उतरवली. फाइल बंद झाली. माझी बदली झाली त्या दिवशी इंदूबाई वाटेत उभी होती. जीप थांबवली मी. तिनं विचारलं, साहेब, काही कळलं?"

...

"मी जीप पुढे घ्यायला सांगितली, आक्का."

आक्कानं दोऱ्याचं टोक बोटाभोवती गुंडाळलं. असल्या वेळी काही बोलणाऱ्या बायका मला आवडत नाहीत. तीही तसली नव्हती.

"निवृत्त झालो तेव्हा ठरवलं, तिला उत्तर द्यायचं. खरं नाही तर खोटं, पण पुरतं. म्हणून उरलेली सव्वादोनशे पानं लिहिली. दुवे जुळवले. खुनी पकडला. मेहुण्याला बेड्यांपर्यंत नेलं."

"खऱ्या जनार्दनला मेहुणा होता?"

"नव्हता. म्हणूनच घेतला. कुणाच्या डोक्यावर खापर नको."

"हं. एकशे तीसला हे सांगायला हवं."

त्याला हसू आलं, आणि हसताना डोळे भरले. त्यानं ते बाहीनं पुसले. फौजदारानं बाहीनं डोळे पुसले, हे कुणाला सांगू नका.

"म्हणजे ती वाचते," तो म्हणाला. "इंदूबाई. तिच्या हातात पोचलं माझं पुस्तक."

आक्कानं हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. सुई पुन्हा उचलली. त्याच्या मांडीवरचं पुस्तक ओढून घेतलं, तो गठ्ठा जागेवर ठेवला आणि पहिला टाका घातला.

"थांब," तो म्हणाला. "आधी मला सांग. शेवट तिच्यासाठी लिहिलाय मी. प्रकाशकासाठी नाही, सहासष्टसाठी नाही. तिला एकदा कळू दे की झालं, संपलं, आता दार लावून घे... नऊ वेळा पुस्तक घरी नेलं आणि एकदाही शेवटापर्यंत गेली नाही?"

दुसरा टाका.

"मीच चुकलो असेन. प्रकाशकाचंच खरं. हे प्रकरण काढलं तर तिला पुढे जावंच लागेल. पहिल्याच पानावर सायकल सापडेल, मग तपास, मग शेवट. एका दमात वाचून होईल. सुटेल ती. सुटू दे ना तिला! तू मधे का येतेस?"

"अकरावं पान वाच," आक्का म्हणाली.

"मला पाठ आहे."

"पाठ म्हणू नकोस. वाच."

तिनं पुस्तक त्याच्यासमोर धरलं. दोरा लोंबत होता. त्यानं चष्मा लावला.

"'मग त्यानं मागचं चाक पुसलं. फडकं खुंटीला अडकवलं. मला म्हणाला, आज भरीत कर. मी नदीवरनं आलोच.'"

"पुढे?"

"पुढे काही नाही. प्रकरण संपलं. बाराव्या पानावर सायकल सापडते."

"हं."

"एक पान, आक्का!" आवाज पुन्हा चढला, पण आता त्यात ठाणं नव्हतं, दुसरंच काही होतं. "एकतीस वर्षं थांबलेली बाई. तिला एक पान उलटता येत नाही? हातात पुस्तक आहे, समोर पान आहे. उलटायला काय लागतं? का नाही उलटत ती?"

आक्कानं तिसरा टाका घातला, दोरा ओढून घट्ट केला आणि त्याच्याकडे न बघता म्हणाली,

"तो आलोच म्हणालाय, प्रल्हाद... वांगी भाजायला तिनं उठायचं नाही?"