आग्रहाची पेंड

“उद्यापासून कोंबड्यांची पेंड बंद...” मालकिणीचं एवढंच बोलणं ऐकून साळुंकीने खुराड्याकडे धूम ठोकली. पाखरं बोलत त्या काळची ही गोष्ट. मालकीण कोंबड्यांना पंगतीत वाढावी तशी आग्रहाने सोयाची पेंड वाढायची.

“उपाशी मारणार गं आपल्याला!” तुरेवाली कोंबडी रडू लागली.

शेजारच्या ओढ्यातली बेडकी म्हणाली, “बाई, पेंडीतलं जास्तीचं तुझ्या अंगी कुठे लागतं? विष्ठेतून माझ्या पाण्यात उतरतं. पिल्लं गुदमरतात माझी.”

तुरेवालीने मान वळवून गढूळ ओढ्याकडे पाहिलं.

सकाळी घमेल्यात मका भरपूर, पेंड मूठभर. तुरेवालीने ते मुकाट्याने खाल्लं. अंडी तेवढीच राहिली, खुराड्यात विष्ठेच्या उग्र वासाने डोळे चुरचुरायचे, तेही थांबले. पुढे ओढाही निवळला. बेडकीची पिल्लं शेपट्या हलवत फिरू लागली.

“बंद होणार म्हटलं होतं ना मी?” साळुंकीने मान ताठ केली.

“झाली की,” तुरेवाली हसली, “आग्रहाची तेवढी!”