व्याह्यांकडून उसनी आणलेली अक्षरं

"गाठोड्यातली अक्षरं बाहेर काढ, पण गाठोड्यातलं एकही कमी होता कामा नये!"

राजे उदाजीरावांचा हा हुकूम ऐकून लिंबाजी कारकुनाच्या तोंडचं पाणी पळालं. राजकन्येची लग्नपत्रिका नव्या वळणाच्या फॉन्टमध्ये छापायची होती, आणि तो फॉन्ट होता होणाऱ्या व्याह्यांकडे. त्यांनी अक्षरांचं गाठोडं बांधून, म्हणजे झिप फाईल करून, पेन ड्राइव्हवर घालून, पालखीतून पाठवली होती. उसनी! उद्या परत करायची.

"व्याही मोजून घेणार," राजे म्हणाले. "एक वेलांटी जरी कमी भरली तर माझं नाक कापलं जाईल. आणि पत्रिका साध्या अक्षरात निघाली, तर तुझी नोकरी गेली!"

लिंबाजी फाईलला हात लावेना. शेवटी त्याची मुलगी सगुणा दरबारात आली.

"बाबा, उठा बघू," असं म्हणून ती कॉम्प्युटरपुढं बसली. तिनं झिप उघडली, अक्षरं नव्या फोल्डरमध्ये काढली आणि म्हणाली, "मोजा, महाराज."

खजिनदारानं गाठोडं मोजलं. सगळी जागेवर. चष्मा पुसून पुन्हा मोजलं. सगळी जागेवर!

"पण पत्रिका जुन्याच अक्षरात!" राजे कडाडले.

"महाराज, नवरदेव वेशीपर्यंत आला म्हणजे लग्न लागलं का? अजून मांडवात घ्यायचाय." तिनं फॉन्ट इन्स्टॉल केला, पत्रिका बंद करून पुन्हा उघडली आणि नवा फॉन्ट निवडला. राजकन्येचं नाव नव्या वळणात उमटलं. लिंबाजीच्या जिवात जीव आला.

राजे कसले ऐकतात!

"थांब! आतही तीच, बाहेरही तीच. मग खरी कुठली? बाहेरची खरी असतील, तर व्याह्यांना मी खोटा माल परत करू? आतली खरी असतील, तर माझ्या लेकीची पत्रिका खोट्या अक्षरात?"

खजिनदारानं पुन्हा चष्मा पुसायला घेतला.

"महाराज, आत्ता आपण ओरडलात," सगुणा शांतपणे म्हणाली. "ते मी ऐकलं, बाबांनी ऐकलं, खजिनदारांनी ऐकलं. खरा आवाज कुणाच्या कानात गेला आणि खोटा कुणाच्या? आणि एवढ्यांनी ऐकला म्हणून आपल्या घशातला काही कमी झाला का?"

"कमी? माझा आवाज?" राजे इतके हसले, की पागोटं मांडीवर पडलं.

लिंबाजीची नोकरी कायम झाली. सगुणेला पैठणी मिळाली. शिवाय पत्रिकेत 'आपले विनीत' खाली लिंबाजीचं नाव आलं, तेही राजांच्या चुलतभावांच्या वर. चुलतभाऊ लग्नाला आले नाहीत.