सावली पायाशी आली तेव्हा

पुष्कळ वर्षांपूर्वी, डोंगरांना अजून नावं पडायची होती तेव्हा, एका कड्याच्या पायथ्याशी एक गाव होतं. कडा इतका उंच, की सकाळी गावावर त्याची सावली पडायची आणि लोक ती पांघरून आणखी थोडं झोपायचे. माथा बहुतेक वेळ ढगात असायचा. ढग हलला की पांढरा दिसायचा, कारण तिथली मातीच पांढरी होती, तांदळाच्या पिठीसारखी.

त्या गावात एक रीत होती. नव्या जोडप्यानं पावसाळा सरला की ठरल्या दिवशी एकाच दोरात बांधून घ्यायचं, कडा चढायचा आणि माथ्यावरची मूठभर माती आणून त्या मातीनं आपली पहिली चूल सारवायची. माती आली, की चूल वेगळी आणि घर वेगळं. नाही आली, तर पुढच्या वर्षाच्या त्याच दिवसापर्यंत मोठ्या घरातच राहायचं. लग्नाआधी त्या कड्यावर कुणी जायचं नाही. त्यामुळे प्रत्येकाला तो नवाच असायचा, लग्नासारखा.

त्या वर्षी गावात लग्न एकच झालं. नवरा गावातलाच. खालच्या खडकांवर त्याच्याइतकं चपळ कुणी नव्हतं. नवरी सपाट मुलखातली. तिच्या माहेरी सगळ्यात उंच गोष्ट म्हणजे मुंग्यांचं वारूळ. ती फारशी बोलायची नाही, पण बघायची सगळं.

सासरी चूल एक आणि सुना चार. धाकटीची पाळी शेवटी यायची, तेव्हा निखारे विझत आलेले असायचे. मग तिची भाकरी एका बाजूनं भाजायची आणि दुसऱ्या बाजूची नुसती समजूत काढावी लागायची. घरात भांडण नव्हतं. इतक्या माणसांत भांडायला जागाच नव्हती.

तिला स्वतःची चूल हवी होती. हे ती कुणाजवळ बोलली नाही. पण झोपेत तिचा उजवा हात हलायचा, हळूहळू, गोल गोल, जणू काही सारवते आहे. नवऱ्यानं ते पाहिलं होतं. त्यालाही तेच हवं होतं.

गावात एक म्हातारा अंबाडीचे दोर वळायचा. कड्यावर जाणाऱ्यांना दोर त्याचाच. आदल्या दिवशी दोघं त्याच्याकडे गेली. त्यानं दोर दोघांच्या हातात दिला आणि सांगितलं, "तीन ठिकाणी धरलेलं असेल तरच चौथा हात हलवायचा. दगडाला हात घालायच्या आधी त्याला टिचकी मारून विचारायचं. पोकळ बोलला तर नमस्कार करून दुसरा शोधायचा. तहान लागायच्या आधी पाणी प्यायचं. थांबलात की आधी दोर एखाद्या सुळक्याला गुंडाळायचा, मग घाम पुसायचा."

"हे ठाऊक आहे, आजोबा," नवरा म्हणाला. त्याचे पाय आत्ताच चढत होते.

"आणि सावली पायाशी आली, की असाल तिथून परत फिरायचं. दोघांपैकी कुणीही म्हटलं, तरी दोघांनी."

"माथा हाताशी आला असला तरी?" नवरीनं विचारलं.

"तेव्हा तर नक्कीच, पोरी. लांबच्या माथ्यानं आजवर कुणाला फसवलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं तयार होऊन अंगणात आली. आकाशात शुक्राची चांदणी होती. निघायला तीच वेळ होती. पण त्याआधी घरच्या बायका दोघांना ओवाळणार होत्या.

आधी सासूबाईंनी ओवाळलं. मग मोठ्या जाऊबाईंनी, मग मधलीनं, मग तिसरीनं. तिच्या निरांजनातली वात तीनदा विझली. मग शेजारच्या आल्या. "नाव घेतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही हं!" त्या म्हणाल्या. नवरीनं नाव घेतलं. "ऐकू नाही आलं," मागच्या म्हणाल्या. तिनं पुन्हा घेतलं. "आता त्यानं घ्यायचं!" नवरा लाजला आणि अडला, तेव्हा सगळ्या हसल्या. ज्या उशिरा आल्या त्यांच्यासाठी सगळं पहिल्यापासून झालं. नवरी चांदणीकडे बघत होती. चांदणी फिकट झाली, मग नाहीशी झाली. दोघं वेशीबाहेर पडली तेव्हा सूर्य चांगला दोन कासरे वर आला होता, आणि त्यांच्यावर सगळ्यांचं फार प्रेम होतं.

चढ सुरू झाला. आधी कारवीचं रान, त्यात दवानं जड झालेली कोळ्यांची जाळी. मग गवत. मग खडक. नवरा पुढे, नवरी मागे, मध्ये दोर. ती दगडाला टिचकी मारायची, कान द्यायची, मगच हात घालायची.

"अगं, दगड आहे तो, घागर नव्हे!" नवरा वरून ओरडला.

"घागर निदान फुटल्यावर कळते, अहो," ती खालून म्हणाली, आणि पुढच्या दगडाला टिचकी मारली.

वर एका कपारीत एक म्हातारी वानरी शेंगा सोलत बसली होती. तिनं दोघांना जाताना पाहिलं आणि शेंगांनाच सांगावं तशी म्हणाली, "चढताना सगळेच वानर असतात. शेपूट कुणाला आहे ते उतरताना कळतं."

नवरा हसला. नवरीनं ते वाक्य पदराला बांधून घेतलं.

जसजशी ती दोघं वर गेली तसतसं खालचं जग मऊ होत गेलं. गावातला कोंबडा आरवला तो फार लांबून, आठवणीत आरवल्यासारखा. कुठल्याशा उखळातलं कांडण ऐकू यायचं, आणि आवाज पोचेपर्यंत कांडणारीचा हात पुन्हा वर गेलेला असेल असं वाटायचं. दरीत ढग पिंजलेल्या कापसासारखे पडले होते. त्यांवर कड्याची सावली होती आणि त्या सावलीच्या काठावर दोन ठिपके सरकत होते. ते ठिपके म्हणजे त्या दोघांच्याच सावल्या होत्या. आपल्यालाच इतक्या लांबून बघताना नवरीला वाटलं, हे आपण स्वप्नात तर चढत नाही ना? पण तळव्याला खडक खरखरीत लागत होता. स्वप्नात पाय दुखत नाहीत.

मग ढग बाजूला झाला आणि माथा दिसला.

तीस हात. जास्त नाही. पांढरी माती उन्हात अशी चमकत होती, की कुणी तिथं चांदणं वाळत घातलं असावं. एक अरुंद पट्टी, एक चढण, आणि वर ती. वाऱ्यानं थोडी माती उडवली, ती नवरीच्या ओठांवर बसली. तिला तिची चव कळली. थंड होती. आणि एका क्षणात तिला सगळं दिसलं. कोपऱ्यातली चूल, निळा धूर, दोन्ही बाजूंनी भाजलेली, टम्म फुगलेली भाकरी.

तिनं डोळे मिटले. उघडले तेव्हा नजर खाली गेली. सावली कुठं दिसेना. तिनं पाय किंचित उचलला. सावली त्याच्याखाली होती.

"अहो," ती म्हणाली, "फिरायला हवं."

नवऱ्याला आधी कळलंच नाही. मग तो म्हणाला, "वेडी का काय? तो बघ माथा! इथून दगड मारला तर लागेल."

"दगड मारायला नाही आलो आपण."

"तीस हात आहे गं!"

"सावली पायाशी आली."

"म्हाताऱ्याला दोर वळायचे ठाऊक. तो काय रोज इथं येतो?" त्याचा आवाज चढला. "सकाळी वेळ गेला तो काय आपल्यामुळे गेला?"

"नाही. पण सूर्याला ते कुठं माहीत आहे?"

नवरा वळला तर वानरी मागच्या दगडावर येऊन बसलेली. "तू सांग," तो तिला म्हणाला, "माथा किती लांब आहे?"

"जायला तीस हात," वानरी म्हणाली. "यायला किती, ते मोजायला अजून कुणी परत आलं नाही. म्हणजे या वेळेला निघालेलं."

नवऱ्यानं पुन्हा माथ्याकडे पाहिलं. मग हलक्या आवाजात त्यानं नवरीला विचारलं, "तुला चूल नको?"

हा प्रश्न सगळ्यात अवघड होता. वारा असता तर तिला उत्तर द्यावं लागलं नसतं, पण नेमका वारा पडला होता.

"तुमच्यापेक्षा जास्त हवी," ती म्हणाली. "पण तिच्यापुढं बसणारी दोघं हवीत."

नवऱ्यानं कमरेची गाठ चाचपली. क्षणभर त्याच्या मनात आलं, ती सोडावी आणि एकट्यानं जावं. नवरीला ते कळलं. आपल्या बाजूचा दोर तिनं जवळच्या सुळक्याला गुंडाळला आणि थांबली. बराच वेळ गेल्यासारखा वाटला, पण सावली तेवढीच होती. मग त्यानं गाठीवरचा हात काढला.

उतरताना तिनं पुढे आणि त्यानं मागे, वरून दोर सांभाळत, असं ठरलेलं होतं. दोर ताठ होता आणि बोलणं बंद होतं. नवराबायकोनं डोंगरावर भांडू नये. रागावून पाय आपटायची सोय नसते.

आणि वाट! सकाळी जी वाट त्यांनी चढली होती ती कुठं गेली होती कोण जाणे. चढताना पकडी डोळ्यांसमोर असतात, उतरताना त्या पायांखाली लपतात. नवरी पोटावर वळायची, पाय खाली सोडायची, अंगठ्यानं चाचपायची. एकेका हाताला चढण्याच्या दुप्पट वेळ लागत होता. ऊन पिवळं झालं, मग तांबूस. दरीतलं धुकं उठलं आणि सावकाश वर येऊ लागलं, झोपेतून उठलेल्या गाईसारखं, कुणाकडेही न बघता.

शेवटच्या उभ्या टप्प्याशी पोचली तेव्हा उजेड एवढाच उरला होता, की दगडाचा रंग कळेना पण आकार कळत होता. नवरी खालच्या अरुंद कठड्यावर टेकली. तिच्या पायांत गोळे आले होते. घाम डोळ्यांत उतरत होता. तिनं धुक्यात इकडेतिकडे पाहिलं, शिंगासारखा एक सुळका दिसला, आणि तिनं दोराचे दोन वेढे त्याला घातले.

वर नवऱ्यानं शेवाळावर पाय ठेवला.

तो ओरडलासुद्धा नाही. नुसता तिच्या बाजूनं खाली गेला, झाडावरून फळ जातं तसा. दोर सुळक्यावर करकचला. नवरी पुढे ओढली गेली, तिचे गुडघे फुटले, तळहात सोलले, पण वेढे सरकले नाहीत. दोर थरथरला आणि थांबला. खाली धुक्यात काही तरी लोंबकळत होतं, आणि ते श्वास घेत होतं.

"आहात ना?" तिनं विचारलं.

थोड्या वेळानं खालून आवाज आला, "आहे."

"मग तीन ठिकाणी धरा. चौथा हात नंतर हलवा."

त्यानं धरलं. तो कठड्यावर आला तेव्हा धुकं सुळक्यावरून गेलं आणि सुळका दिसेनासा झाला. हात लांब केला तरच लागत होता. नवऱ्यानं हात लांब करून तो चाचपला. कितीतरी वेळ चाचपत राहिला. तीस हात जायला, माती उकरायला आणि तीस हात यायला जेवढा वेळ लागला असता, तेवढा त्यानं मनात मोजला.

"तुला तो दिसला नसता," तो म्हणाला.

"नसता," ती म्हणाली.

त्यानंतर दोघं बोलू लागली. कठड्याच्या दुसऱ्या टोकापासून गवताचा उतार सुरू होत होता, तो दोघांनी बसत बसत, एकमेकांना हाक देत पार केला.

पायथ्याशी सगळं गाव जमलं होतं. मशाली होत्या, ढोल होता. दोघं धुक्यातून बाहेर आली तसा ढोल वाजला. मग लोकांनी त्यांच्या मुठी पाहिल्या. त्या उघड्या होत्या. ढोल एका टिपरीवर थांबला.

मधल्या जाऊबाईंना शांतता सोसत नसे. त्या म्हणाल्या, "अगं बाई! माथा जागेवर नव्हता का?"

दोनचार जण हसले. नवऱ्यानं मान खाली घातली नाही. पण उत्तर दिलं ते नवरीनं.

"होता, जाऊबाई. उद्याही असेल."

दोरवाला म्हातारा पुढे आला. त्यानं दोर हातात घेतला, एका ठिकाणी तो चपटा झाला होता तिथं अंगठा ठेवला, आणि नवरीच्या सोललेल्या तळहातांकडे पाहिलं. मग ढोलवाल्याकडे वळून तो म्हणाला, "थांबलास कशाला? दोघं परत आलीत. वाजव."

ढोल वाजला. आधी चाचरत, मग नीट.

वर्षभर धाकटी सून विझत्या निखाऱ्यांवर भाकऱ्या भाजत राहिली. टोमणे आले तेही तिनं भाजून खाल्ले. पुढच्या वर्षी त्या दिवशी सासूबाईंनी निरांजन लावलं, तेव्हा घरात दोघं नव्हती. चांदणी निघायच्या आधीच ती गवताच्या उतारावर पोचली होती. माथ्यावर गेली तेव्हा सावली चांगली लांब होती. मूठभर माती घेऊन थोडा वेळ ती तिथं नुसती बसलीसुद्धा, ढगांवर पाय सोडून. चूल जराशी वाकडी झाली. धूर मात्र सरळ वर जायचा.

तेव्हापासून त्या गावात रिकाम्या हातांनी उतरणारे पुष्कळ झाले, आणि न उतरणारं कुणीच राहिलं नाही.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवावं: माथा ही अर्धीच वाट असते; वेळेवर पाठ फिरवून जो घरी पोचतो, त्यालाच डोंगर पुन्हा चढायला मिळतो.