माकडिणीचे भोपळे आणि अस्वलाचा मध

एका कड्याखालच्या जंगलात एक माकडीण आपल्या पिल्लासह राहत असे. भोपळे सुकवून, कोरून त्यांची भांडी करण्यात तिचा हात धरणारे कोणी नव्हते. ही भांडी ती अस्वलाला देई. अस्वलाचा मधाचा मोठा कारभार होता आणि ज्याची भांडी, त्याला भरलेल्या मधात वाटा, असे ठरलेले होते. पावसाळ्यात रानात फारसे काही मिळत नसे, तेव्हा मायलेकरे या वाट्यावरच निभावून नेत. मध येतो कसा, हे माकडिणीने कधी विचारले नव्हते. तुम्हीआम्ही तरी कुठे विचारतो?

एकदा वाटा घेऊन परतताना तिला कड्याखाली एक खार दिसली. तिचे तोंड इतके सुजले होते, की डोळे दिसेनात. "अस्वल आम्हा खारींना मधाची पोळी तोडायला कड्यावर चढवतं," खार म्हणाली. "माश्या डसतात, आणि मजुरी म्हणून नुसतं मेण मिळतं." अस्वल अख्खी पोळीच तोडायला लावी, त्यामुळे खाली मधमाश्यांच्या अळ्यांचा सडा पडला होता. उरल्यासुरल्या माश्या डोंगरापलीकडे निघाल्या होत्या. माकडिणीला फार वाईट वाटले. त्या दिवशी तिला मध गोड लागला नाही.

"मिळतंय ते खा आणि गप्प बस," कोल्हा म्हणाला. "भांडी काढून घे आणि मोकळी हो," ससा म्हणाला. तिला सशाचे पटले. ती भांडी मागायला गेली, तेव्हा अस्वल पोट खाजवत म्हणाले, "खुशाल ने. तरस त्याची भांडी द्यायला टपलंच आहे. ते काही विचारत नाही." माकडीण थबकली. आपण बाजूला झालो, तरी खारींचे हाल चालूच राहणार, हे तिच्या ध्यानात आले. मग ती अस्वलाला भांडी देणाऱ्या साळिंदराकडे गेली, भेकराकडे गेली, घोरपडीकडे गेली. "एकट्या तरसाच्या भांड्यांत एवढा मध मावणार नाही," ती म्हणाली. "आपण सगळे मिळून बोलू."

सगळे मिळून अस्वलाकडे गेले. "भांडी देतो," माकडीण म्हणाली, "पण मधाचा भाग तेवढाच कापायचा, अळ्यांना हात लावायचा नाही. आणि खारींनाही मधात वाटा द्यायचा."

"मग तुमचा वाटा कमी होईल," अस्वल गुरगुरले.

माकडिणीने पिल्लाकडे पाहिले. "होऊ दे," ती म्हणाली.

एवढ्या भांड्यांवाचून अडणार, म्हणून अस्वल कबूल झाले. तो पावसाळा ओढगस्तीचा गेला. पिल्लू रोज कुरकुरत असे. पण माश्या कड्यावरच राहिल्या आणि कापलेली पोळी पुन्हा भरू लागली. खारीही आता आपला मध म्हणून जपून काम करू लागल्या. पुढच्या वर्षी इतका मध आला, की भांडी कमी पडली. अस्वल तर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवू लागले, "अळ्यांना हात लावायचा नाही, हे मी पहिल्यापासून सांगतोय."

पिल्लू चिडून म्हणाले, "आई, हे तर तू सांगितलं होतंस."

माकडिणीने त्याच्या हनुवटीवरचा मध पुसला. "म्हणू दे त्याला," ती म्हणाली. "तसं वागतंय ना, मग झालं."

तात्पर्य : ज्या कामात आपला वाटा आहे, त्या कामाची रीत विचारण्याचाही आपल्याला हक्क आहे, वाटा सोडून दूर होण्यापेक्षा चौघांना सोबत घेऊन ती रीत सुधारावी.