मन तुझं, झोका माझा

फार फार वर्षांमागे देवळामागच्या उंबरावर शिंपी पक्ष्यांचं एक जोडपं राहायला आलं. मोठं पान दुमडून, कापसाच्या धाग्याने शिवून त्यात घरटं करायचं, ही त्यांची पिढीजात रीत. शिंपिणीची अंडी घालायची वेळ आली, तरी शिंपीबुवा आपले खारीला, कावळ्याला चांगलं पान कोणतं ते विचारत हिंडत होते.

"अहो, अंडी का तुमच्या चौकशीसाठी थांबणार? माझं मन सांगतंय, हेच पान चांगलं. दत्ताच्या झाडाचं आहे!"

"अगं, तुझ्या मनाला देठातली कीड दिसते का?"

"तुम्हाला तरी दिसली का? गावभर फिरलात, पण पानावर एकदा बसून नाही पाहिलंत!"

शिंपी वरमला. पानावर बसून त्याने झोका घेतला. कट्‌कन देठ तुटला आणि पान गरगरत खाली गेलं. शिंपिणीच्या मनात आलं, आत पिल्लं असती तर?

तिने देवाला हात जोडावेत तसे पंख मिटले आणि पुन्हा पानं निरखली. "आता हे वाटतंय हो."

शिंप्याने झोका घेतला, आणखी जोरात घेतला. देठ हलला नाही.

"आण कापूस," तो हसला. "यापुढे मन तुझं, झोका माझा."

त्यांची पिल्लं सुखरूप उडाली, तशी सगळ्यांची लेकरं उडोत.