गेनबाने दोन पडदे सारखे केले

एका तालुक्याच्या गावात एक भोळा शिपाई होता. नाव गेनबा. 'पाय पुसून आत ये' म्हटलं, तर हा चपला काढायचा, पाय पुसायचा, चपला परत घालायचा आणि आत यायचा.

गेनबाची नोकरी इस्पितळात, स्कॅनच्या खोलीत. तिथे रोग्याला किरणांचं औषध टोचायचे. ते अंगात कुठे साचलं, ते यंत्र पडद्यावर दाखवायचं. पडदा होता काळापांढरा. बारीक डाग त्यात हमखास निसटायचे. म्हणून मोठ्या डॉक्टर, दिघेबाई, यांनी एक रंगीत पडदा महिनाभरासाठी मागवला. शहरातले दोन तज्ज्ञ येऊन दोन्ही पडदे ताडून बघणार होते. फरक दिसला तर रंगीत पडदा राहणार, नाहीतर परत जाणार. बाईंचा सगळा जीव त्यात अडकला होता.

"गेनबा, दोन्ही पडद्यांवर चित्रं लाव."

गेनबाने लावली. एकावर यमुनाबाईंचा गुडघा, दुसऱ्यावर कोंडाजीचा मणका.

बाईंनी कपाळावर हात मारला. "अरे शहाण्या, दोन्ही एकाच माणसाची हवीत!"

"हां बाई. दोन्ही एकाच माणसाची. आता नाही विसरत."

बाईंनी चित्रं स्वतःच नीट लावली. तेवढ्यात तज्ज्ञ आले. एक लठ्ठ, एक बारीक. गेनबाने चहाचे दोन कप आणले आणि दोन्ही लठ्ठ तज्ज्ञापुढे ठेवले. बारीक तज्ज्ञ बिचारा नुसता वास घेत बसला.

बाईंनी गेनबाला दारामागे ओढलं. "मेल्या, असं डावंउजवं करतात का? एकाला सगळं नि दुसऱ्याला काहीच नाही? दोघांना सारखं हवं, सारखं!"

"हां बाई. दोघांना सारखं."

तपासणीच्या वेळी बाईंनी आत थांबायचं नाही आणि पडद्यांत काय फरक आहे तेही तज्ज्ञांना आधी सांगायचं नाही, असा नियम होता. त्या बाहेर येरझाऱ्या घालू लागल्या. तज्ज्ञ आत येण्याआधी गेनबा दिवे मालवायला पुढे गेला. बघतो तर काय! एक पडदा लाल, पिवळा, निळा, नुसता नटलेला. शेजारचा अगदी सुतकात बसल्यासारखा.

गेनबाला फार वाईट वाटलं. रंगाचं बटण त्याने शून्यापर्यंत फिरवलं आणि दिवे मालवले.

अर्ध्या तासाने तज्ज्ञ डोळे चोळत बाहेर आले.

"बाई, खूप निरखून बघितलं. पहिला पडदा काय नि दुसरा काय, तसूभर फरक नाही."

बाई मटकन खुर्चीत बसल्या.

गेनबाची छाती मात्र फुगली. "बघा बाई! या खेपेला काही चुकलं का?"